मागून आलेला कागद

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता लिहायचंय. जेवण नंतर. संध्याकाळपर्यंत ठेवलं तर यातलं निम्मं विसरेन, उरलेलं निम्मं मीच शहाणपणा करून नीटनेटकं करून टाकीन, आणि ते नकोय. मी अजून गच्चीवरच आहे. बोटांना काळी लोकर चिकटलीय, स्क्रीनवरही तिचे केस पडलेत, टाईप करताना अक्षरं नीट दिसेनात, चुकलं तर समजून घ्या. आबा माझ्यापासून हातभर लांब प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेत. आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे वडील. वय ऐंशीच्या पुढं, किती पुढं ते त्यांनाही नक्की माहीत नाही. "लढाईच्या साली जन्मलो," एवढंच सांगतात.

झालं काय, आज आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. इथं शहरात, गारखेड्यात, पाण्याच्या दिवशी कुणी कुणाचं नसतं. आई ड्रम, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरत सुटली होती आणि त्या गडबडीत तिचा पाय आबांच्या गाठोड्यात अडकला.

"हे एक तर आज धुऊन निघू दे, नाहीतर भंगारवाल्याला दे," ती माझ्यावर ओरडली. "अख्ख्या घरात मेंढरांचा वास सुटलाय!"

"सूनबाई, त्याच वासात तुजा नवरा ल्हानाचा मोठा झाला," आबा पलंगावरून म्हणाले. "त्याला बी धुऊन काढ मंग."

आई हसली, पण गाठोडं माझ्या हातात दिलंच. "गच्चीवर ऊन दाखव जा. कसर लागली असेल, लोकर खातात ते किडे."

मी निघाले तर आबा मागून उठले. गुडघे दुखतात म्हणून ते खाली दूध आणायलाही जात नाहीत, आज भिंतीला धरून धरून गच्चीपर्यंत चढले. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

गाठोडं सोडलं आणि, यार, तो वास! उन्हात तापलेल्या गच्चीवर, शेजारच्यांच्या डिश अँटेनाखाली, अचानक अख्खं गाव उभं राहिलं. ओल्या लोकरीचा वास, त्यात चुलीचा धूर, त्यात चिंचोक्यांच्या खळीचा तो आंबटसर, शिजलेला वास. घोंगडीच्या सुताला ताठपणा यावा म्हणून चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवतात, ती खळ. चिंच घरात आली की मला अजूनही तोंडाला पाणी सुटत नाही, घोंगडी आठवते.

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. दिवाळीच्या सुट्टीत फाट्यावर उतरायचं, तिथं आबा काठीवर हनुवटी टेकून उभे. मग चालत. आधी धूळ दिसायची, मग घुंगरू ऐकू यायचं, मग मेंढरं. दिवाळी झाली की कातरणी. त्याआधी मेंढरं ओढ्यात धुवायची, एकेकाला मानेला धरून बुडवायचं, बाहेर आली की ती अशी अंग झटकायची की आम्ही पोरं भिजायला मुद्दाम जवळ उभी. मग दिवसभर कातरीचं कच् कच्. कातरून झालेलं मेंढरू उठून उभं राहायचं ना, तेव्हा इतकं बारकं, इतकं उघडं दिसायचं, की त्याच्याकडं बघायचीच लाज वाटायची.

आणि दाराशी उकिडवी बसलेली थोरली माय. आबांची आई, माझी पणजी. मी तिसरीत असेपर्यंत ती होती. हातात कायम टकळी. बोलताना टकळी, भांडताना टकळी, झोपेतही तिचा अंगठा नि बोट सूत वळायचं. कपाळावर हे एवढं कुंकू. आरसा न बघता लावायची, मधोमध बसायचं.

ते कुंकू ज्याच्या नावाचं, त्या माणसाला मी पाहिलं नाही, पप्पांनी नाही, आबांनीही नाही. त्याचं नाव मल्हारी, आबांचा बाप. फोटो एकही नाही. आमचं गाव निजामाच्या राज्यात असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, मेंढरं सोडून तो फौजेत गेला. का गेला, कुणी सांगत नाही. थोरली माय नुसतं "गेला" म्हणायची, जसं बाजाराला गेला.

सुट्टीवर एकदाच आला. ती गोष्ट मात्र ती पुन्हा पुन्हा सांगायची, आणि प्रत्येक वेळी बुटांपासून सुरू करायची. पायात फौजेचे बूट होते, खडकावर टाप टाप वाजायचे, आणि त्या आवाजानं त्याचीच मेंढरं बुजून पळाली. ज्यांचा जन्म त्याच्याच हातांवर झाला होता ती. मग त्यानं बांधावर बसून बूट काढले, बाजूला ठेवले आणि अनवाणी कळपात गेला. "तवा वळखलं त्यानला," थोरली माय म्हणायची, आणि टकळी एक गिरकी जास्त घ्यायची.

त्याच सुट्टीत त्याचा हात मोजला. आमच्यात घोंगडी टेपनं मोजत नाहीत. ज्याची घोंगडी त्याच्याच हातानं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, अशी सात हात लांब. गावातल्या विणकरानं लोकरीच्या दोरीनं त्याचा हात मोजून घेतला, दोन्ही टोकांना गाठ मारली. घोंगडी मागावर निम्मी झाली आणि सुट्टी संपली. "पुढल्या बारीला नेतो," म्हणाला. बांधावर बसून बूट घातले आणि गेला. आबा तेव्हा पोटात होते.

पुढचं सगळं समुद्रापल्याड झालं. तिथं लढाई झाली, तिथं तो धरला गेला, छावणीत कैदी म्हणून राहिला. आमच्या घरात त्या सगळ्याचे फक्त दोन कागद आले.

पहिला कागद सरकारी होता. गावात वाचणारे एकच, शाळेतले गुरुजी. उर्दू पक्की, इंग्रजी जेमतेम. त्यांनी वाचलं, कैदेत असताना मल्हारी वारला. थोरल्या मायनं बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. वय असेल वीस.

आमच्या घराची एक रीत आहे. बाप गेला की तेराव्याला त्याची घोंगडी थोरल्या लेकाच्या खांद्यावर टाकतात. टाकली की तो पोरगा राहत नाही, घरचा कर्ता होतो, वय काहीही असो. पण आबा तेव्हा नीट उभेही राहत नव्हते. जाणती माणसं म्हणाली, एवढ्या घोंगडीखाली लेकरू गुदमरेल. पायावर उभं राहू द्या, मग टाकू.

आबा पायावर उभे राहिले आणि दुसरा कागद आला. जाड कार्ड, वर लाल शिक्का. पारावर सगळं गाव जमलं. थोरली माय आबांना काखेत घेऊन गुरुजींसमोर उभी. गुरुजींनी वाचलं, "मी बरा आहे."

झालं! गावात दोन तट पडले. कुणी म्हणे टपाल रस्त्यात अडकलं असेल, आधीचं कार्ड नंतर आलं असेल. पण थोरल्या मायनं एकच वाक्य धरलं. संध्याकाळी मेंढरं आत घेताना जाळीचं कुंपण कधी लावतात? सगळ्यात मागचं मेंढरू आत आल्यावर. पुढच्याला बघून कुणी कुंपण लावत नाही. "मागून आलेला कागद खरा," ती म्हणाली. आणि घरी येऊन परत कुंकू लावलं.

पुसलेलं कुंकू परत लावणारी बाई. लोकांनी तिला काय काय ऐकवलं असेल! लग्नाकार्यात बायका सवाशीण म्हणून तिची ओटी भरेनात आणि विधवा म्हणून तिला बाजूलाही बसवेनात. ती आपली जाऊन मधेच कुठंतरी बसायची. टकळी घेऊन.

कार्ड तिनं मल्हारीच्या मागून पुऱ्या विणून झालेल्या घोंगडीच्या कोपऱ्यात दुमडून शिवून टाकलं. एका पाठीच्या, म्हणजे मेंढीच्या मादी कोकराच्या, कानाला खूण केली, ती मल्हारीची. तिची पाठ, त्या पाठीची पाठ, सगळ्यांच्या कानाला खूण. त्यांची लोकर दुसऱ्या कशाला वापरायची नाही. घोंगडीला कसर लागली की त्याच लोकरीची नवी विणायची, त्याच दोरीनं मोजून, सात हात. जुनीतलं कार्ड काढायचं, न वाचता नवीत शिवायचं. आणि घोंगडी खुंटीवर. त्याच्या अंगाआधी कुणाच्या अंगाला लागू द्यायची नाही.

मी एकदा लावली. लपाछपी खेळताना शिरले आत, पार डोक्यावरून. आत अंधार, उबारा, आणि काहीतरी कडक गालाला टोचत होतं, ते कार्ड. मी इतकी छान लपले की कुणाला सापडलेच नाही. रात्री जेवताना थोरल्या मायनं माझं डोकं हुंगलं. मला वाटलं आता मार. तिनं मारलं नाही. दुसऱ्या दिवशी घोंगडी पत्र्यावर उन्हात टाकली, तीन दिवस. माझा वास जाईपर्यंत. मी खाली बसून ते बघत होते आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की या घरात माझ्यापेक्षा न आलेल्या माणसाला जास्त जागा आहे.

आबा मात्र या सगळ्याची मस्करी करायचे. रीतीप्रमाणे त्यांच्या खांद्यावर घोंगडी पडलीच नाही ना! दाढी पांढरी झाली तरी पारावर म्हणायचे, "मला काय इचारता, मी पोरगं हाय, बाप आल्यावर बोला." पितृपक्षात कुणी विचारलं, तुमच्यात पित्र कधी, तर म्हणायचे, "बाप आला की त्यालाच इचारून सांगतो." लोक हसायचे. आम्हीही हसायचो. थोरली माय गेल्यावरसुद्धा त्यांनी ती मस्करी सोडली नाही. घोंगडीला हातही लावला नाही.

मग विणकर गेला, त्याचा मुलगाही गेला, माग सरपणात गेला. यंदा चुलत्यानं मेंढरं विकली आणि तो शेंद्र्याला कंपनीत लागला. शेवटची कानाला खूण असलेली मेंढी टेम्पोत चढेना, चौघांनी उचलून घातली, असं आबा म्हणाले. त्यानंतर ते इकडं आले, एक पिशवी आणि हे गाठोडं घेऊन. आल्यापासून बाल्कनीतून खाली बघत बसतात. खाली पार्किंग आहे.

तर आज. मी घोंगडी उन्हात पसरली. घोंगडी कसली, चाळण झालीय. आतून ती दोरी पडली, दोन गाठींची. मी सहज हाताला लावून बघितली. लहानपणी लावायचे तेव्हा मला ती पार दंडापर्यंत उरायची. आज एक गाठ कोपराला, दुसरी मधल्या बोटाच्या बरोब्बर टोकाला. मी दोनदा लावून बघितली. म्हणजे माझ्याएवढाच होता तो. मी आयुष्यभर कुणीतरी आडदांड माणूस समजत होते.

"उसव," आबा म्हणाले.

"काय?"

"त्यो कोपरा उसव. कातरी नाय तर दातानं तोड."

"आबा, थोरली माय काय म्हणायची..."

"माय गेली. मेंढरं गेली. मी किती दिस पोरगं ऱ्हाऊ, बाय?" ते हसत नव्हते. "आता असता तरी शंभरीच्या पुढं असता. गेलाय, ते काय मला कळत नाय व्हय? पर कागदात बरा हाय म्हून लिवलंय, तवर ती घोंगडी मी कशी घिऊ खांद्यावर? मायला खोटं पाडून? तू वाच एकदा. बरा व्हता का नव्हता, तेवढं सांग. तू शिकलेली हायस. गुरुजीपरीस बरं वाचशील."

मी दातानं धागा तोडला. तोंडात लोकर. कार्ड निघालं, चार घड्या, घड्यांवर जवळजवळ फाटलेलं. लाल शिक्का, त्यात जपानी वाटतात अशी अक्षरं. बाकी सगळं इंग्रजीत छापलेलं, फॉर्मसारखं. वर सूचना होती, जे लागू नसेल ते खोडा. खाली दोन ओळी.

मी बरा आहे.

मी आजारी आहे, दवाखान्यात आहे.

पहिल्या ओळीवर पेन्सिलीची रेघ होती. आरपार. सुरुवातीला दाबून काढलेली, शेवटी शेवटी अगदी फिकट. दुसरी ओळ तशीच, स्वच्छ. त्याखाली अंगठा.

मी परत वाचलं. परत वाचलं. सूचना परत वाचली. रेघेकडं बघत राहिले. तो वाचू शकत नव्हता. कुणीतरी बोट ठेवून दाखवलं असेल, ही ओळ खोड, आणि त्यानं ती खोडली असेल, मेंढराच्या कानाला खूण करायच्या हातानं. माझ्याएवढ्या हातानं.

मग मला गुरुजी आठवले. म्हणजे मी त्यांना पाहिलेलं नाही, पण दिसले. खोडलं म्हणजे नाही, हे त्यांना जेमतेम इंग्रजीत कळलं नसेल? रेघ मारलीय म्हणजे तेच महत्त्वाचं, असं वाटलं असेल? की सगळं कळलं, आणि समोर काखेत लेकरू घेऊन ती उभी होती, वीस वर्षांची, कपाळ मोकळं? कुणाला विचारू? त्या पारावरचं एक माणूस उरलेलं नाही. एक होतं, ते काखेत होतं, आणि ते आता माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं.

"काय लिवलंय?"

एवढे कोर्स केले मी, एवढी बडबड करते दिवसभर, आणि मी कार्डाच्या घड्या बोटानं सपाट करत बसले. खरं सांगितलं तर घोंगडी त्यांच्या खांद्यावर पडते, ऐंशी वर्षांनी का होईना. पण मग त्या माउलीनं रोज सकाळी आरसा न बघता लावलेलं कुंकू? त्या सगळ्या घोंगड्या? आणि तो, आजारी, तिकडं, अंगावर पांघरूण घालायला कुणी नाही, आणि इथं मागावर त्याच्या मापाची निम्मी विणलेली? हे सगळं मी एका वाक्यात एका म्हाताऱ्या माणसाला सांगायचं होतं. खालच्या मजल्यावर टाकी भरून वाहत होती, पाणी पडायचा आवाज येत होता आणि कुणीही नळ बंद करत नव्हतं.

मी म्हणाले, "मी बरा आहे."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मी कार्डाकडं बघत राहिले.

"माय सांगायची," ते म्हणाले, "गुरुजी बी लई येळ गप बसले व्हते. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. मंग म्हनले, बरा हाय."

मी वर बघितलं.

"तू चष्मा लावत नायस. नायतर तू बी पुसला असतास."

"आबा, मी..."

"ऐकलं मी. बरा हाय." त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, चारी घड्या पुन्हा तशाच घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मग खुर्चीतच पुढं वाकले आणि डावा खांदा माझ्याकडं केला.

"टाक."

"आबा, अहो, कार्डात तर..."

"व्हय गं. टाक तू."

मी घोंगडी उचलली. ती इतकी हलकी झाली होती! आडवी घडी घातली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. नीट बसेना, सारखी घसरत होती, मी परत परत सारखी करत होते. छिद्रांतून ऊन त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ठिपके ठिपके पडलं. त्यांनी काठ मुठीत धरला, अगदी लहान मूल पांघरूण धरतं तसा, आणि इतक्या उन्हात अंगाभोवती ओढून घेतला.

"झालो बघ म्हातारा," ते म्हणाले.

आईनं दोनदा जेवायला हाक मारली. आम्ही अजून इथंच आहोत. ते डोळे मिटून बसलेत आणि मी हे लिहितेय, कारण दुसरं काय करायचं ते मला कळत नाहीय.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्याही घरात कुणी असा जुना कागद तुमच्या हातात दिला होता का, तू शिकलेली आहेस, तू शिकलेला आहेस, वाच म्हणून? आणि समोरचा माणूस तोंडाकडं बघत असताना तुम्ही, खरं सांगा हं, जे लिहिलं होतं तेच वाचलंत का?